चटईवर असलेल्याशी बोलू नये

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही घरी आलात तेव्हा तो कसा होता, आणि ती म्हणाली, आले तेव्हाच असा होता, आले आणि लगेच इथं आणलं. वाक्य सरळ बाहेर पडलं, कुठं अडखळलं नाही. डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतलं, पेनाचं टोपण दातांत धरून, आणि दार ढकलून ते आत गेले. दार दोनदा पुढंमागं हललं, मग थांबलं. दार थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण म्हटलेल्या ‘लगेच’मध्ये अकरा मिनिटं होती. दहा-बारा नाही, अंदाजे नाही. अकरा. घरात शिरताना तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं, अकरा एक्केचाळीस. आणि दिवे आले तेव्हा बावन्न. मधली अकरा मिनिटं ती भावाच्या भोवतीनं पाय न वाजवता फिरत होती आणि तो चटईवर मरत होता. मरत होता हा शब्द डॉक्टरांनी वापरलेला नव्हता. त्यांनी बोटाला लावायच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा सांगितला होता, एकोणसत्तर. तो किती असायला हवा हे तिला माहीत होतं. ज्या घरात दोघांना सिकलसेल असतो त्या घरात हे आकडे लहानपणीच पाठ होतात.

ती बाकावर बसली. मांडीवर चटई होती. खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्या काकांनी त्याला चटईसकट उचललं होतं, आणि मग कुणीतरी, बहुधा तिनंच, ती गुंडाळून बरोबर आणली होती. निळी चटई, एका कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी. ते कुरतडणं भावाचंच, दहा वर्षांचा असताना कंबरेची कळ आली की तो कडा नखांनी खरवडायचा. तिच्या हातांना आत्ता काही होत नव्हतं. छातीतही काही नव्हतं. ती स्वतःकडे बघत होती, हिरव्या बाकावर एक एकतीस वर्षांची बाई बसली आहे, तिच्या उजव्या हाताच्या नखांत पिवळा रंग आहे, तिच्या डोळ्यांचे पांढरे भागही थोडे पिवळे आहेत, तिची चप्पल एका पायात आहे. दुसरी कुठंय? असं बघायला तिला शिकवलेलं होतं. दुखणं आलं की त्याच्यात बुडायचं नाही, बाजूला बसायचं, जणू दुसऱ्याच कुणाला दुखतंय आणि आपण फक्त बघतोय. म्हणून ती स्वतःला मनातसुद्धा ‘ती’च म्हणते. बारा वर्षांची सवय. आत्ता तिला वाटलं, ही सवय नसती तर मी आत्ता ओरडत असते. पण ती ओरडत नव्हती. ती चटईची कड सरळ करत होती.

पहिलं मिनिट. ती कुलूप न वाजवता आत आली. खरं तर ती त्या वेळी यायचीच नव्हती. रंगाच्या दुकानात सव्वाअकराला वीज गेली आणि रंग मिसळायचं यंत्र अर्ध्या डब्यावर थांबलं, पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्याचा एक ओघळ सोडून. तिचं काम त्या यंत्रामागं उभं राहायचं: गिऱ्हाईक पोपडा आणतं, पडद्याचा तुकडा आणतं, एकदा एकानं बायकोच्या साडीचा काठ कापून आणला होता, आणि ती तोच रंग डब्यात उतरवून देते. यंत्र आकडा सांगतं, पण शेवटचा अर्धा थेंब तिच्या डोळ्यांचा. बोटानं कागदावर ओढायचं, सुकवायचं, दारात नेऊन उन्हात बघायचं, कारण दुकानातली दिव्याची नळी खोटं बोलते. दुकानातला जुना माणूस, ज्याला सगळे प्रायमर म्हणतात, कारण कुठल्याही गोष्टीत सगळ्यांच्या आधी तोच लागतो, तो म्हणाला की दोन तास तरी वीज येत नाही, जा घरी, भावाबरोबर घास खाऊन ये. घर दोन गल्ल्यांवर. ती खुशीत निघाली होती. हेसुद्धा आत्ता बाकावर आठवलं, ती खुशीत होती. वाटेत तिनं एका भिंतीकडे बघून मनात म्हटलं होतं, हा रंग कुणी दिला यांना.

आत तो चटईवर उताणा. गुडघ्यांखाली टॉवेलची वळकटी, पायांत मोजे, कारण गारठा आमचा वैरी. पोटापर्यंत शाल, तळवे वर, बोटं सैल. जसं शिकवलं तसं. तिनं शिकवलं होतं तसं. आणि पहिल्या मिनिटात तिला काय वाटलं असेल, तर अभिमान. बघा कसा पडलाय. कामाच्या वेळात, दुखायला लागलं म्हणून, कुणाला न सांगता, चटई काढून, अंग सोडून. वीज गेल्यामुळं त्याचंही काम थांबलं असेल असं तिनं धरून चाललं. तो घरूनच काम करतो, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ऐकतो. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकायचं आणि एकाच संथ आवाजात सांगायचं, आपली अडचण मी समजू शकतो. त्या आवाजाला वरून तीनदा शाबासकी आली आहे. आई म्हणते, सगळ्या गावाची तक्रार ऐकतो आणि स्वतःची एक करत नाही, असलं पोर मी जन्माला घातलं. त्याचं नाव घरात ढब्बू. काडीसारखा होता जन्मापासून, म्हणून ढब्बू.

समोरून एक बाई बादली घेऊन गेली आणि फरशी ओली झाली. तिनं पाय वर घेतले.

चटईवाल्या बाई, योग शिकवणाऱ्या. रक्ताच्या वॉर्डात पहिल्यांदा आल्या तेव्हा काखेत चटई होती आणि सिस्टरांना वाटलं कुणाची नातेवाईक मुक्कामाला आलीय. ती एकोणीस वर्षांची होती, डाव्या खुब्यात कळ होती, कुणी विचारलं कशी, तर दारात सापडलेलं बोट काढता येत नाहीये आणि कुणीतरी दार अजून लोटतंय, तशी. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, पुढचं रक्त थांबतं. हे तिला तिसरीपासून माहीत होतं आणि माहीत असल्याचा काही उपयोग नव्हता. बाई तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, दुखणं मी घालवू शकत नाही, मला तेवढं येत नाही. दुखण्याच्या भोवती भीती असते, ती थोडी बाजूला सारता येते, मग जागा होते. मग त्यांनी तिला नुसतं मोजायला लावलं. श्वास आत चार, बाहेर सहा. मग दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलवायला, मग घोटा, पडल्या पडल्या, ताण न देता. बाई म्हणायच्या, मांजर उठताना करतं तेवढंच, त्याहून जास्त नाही. आठवड्यानं तिनं त्या कळेत वर्तमानपत्र वाचलं. वाचलं म्हणजे एक बातमी. कुठल्यातरी पुलाची. पण ती बातमी तिला अजून पाठ आहे. त्या दिवशी तिला कळलं की दुखतानाही आपण असतो. हे खोटं नव्हतं. आज या बाकावरसुद्धा ते खोटं झालेलं नाही, आणि तेच तिला गिळता येत नव्हतं. खोटं असतं तर चटई फेकून देता आली असती.

दुसरं मिनिट, चप्पल काढून हातात. तिसरं मिनिट, खिडकीतून त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून तिनं पडदा ओढला. पडदा जाड, चॉकलेटी. खोलीत मातकट अंधार झाला, सगळे रंग एका रंगाचे झाले. तिनं स्वतःच्या हातानं रंग घालवले, तिनं, जी दिवसातून चाळीसदा गिऱ्हाइकांना सांगते की उजेडाशिवाय रंग बघू नका, फसाल.

चौथं मिनिट नको. पाचवं. पाचव्या मिनिटात तिनं चहा टाकला. गॅस होता. भांडं न आपटता, साखर चमच्यानं न घालता मुठीनं, आवाज नको म्हणून. सहाव्या मिनिटात स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की त्याचा श्वास वर वर चालला आहे. शाल पोटावर हलत नव्हती, गळ्याखाली हलत होती, भराभर. हे तिला दिसलं. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं की हे मला दिसलं. आणि ते दिसल्यावर तिच्या मनात जे आलं ते शब्दांत आलं, पूर्ण वाक्य: छातीनं घेतोय, पोटानं नाही, विसरला वाटतं, उठला की सांगू. उठला की सांगू. शिक्षिकेसारखं. जणू वहीत लाल शेरा.

त्यांच्या घरात एक कागद आहे, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. बाईंनी तिला घरी सोडताना सूचनांचा कागद दिला होता, बारीक टाईपचा, सात ओळींचा. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्यासाठी तिनं तो मोठ्या अक्षरांत उतरवून काढला, रंगीत पेनांनी, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात. पाणी पी. ऊब घे. गोळी वेळेवर घे, चटई गोळीच्या ऐवजी नाही, गोळीच्या शेजारी. अंग सैल सोड. श्वास मोज. दुखण्याकडे बघ, त्याच्याशी भांडू नको. सहा झाल्या. सातवी ओळ बाईंनी हातानं अधोरेखित केली होती: छातीत दुखलं, धाप लागली, ताप चढला, तर चटई सोडा आणि माणूस बोलवा, हे बसून बघायचं दुखणं नाही. ती सातवी ओळ उतरवायला तिनं जांभळं पेन उघडलं होतं, आणि नऊ वर्षांचा ढब्बू शेजारी पालथा पडून विचारत होता, आता काय लिहिणार, आता काय. तिला ते लिहवेना. छाती हा शब्द त्याच्या कपाटात बारा महिने लटकवायचा, त्यानं रोज शाळेचा शर्ट काढताना वाचायचा. त्याला मोठा झाल्यावर सांगू. आणि जांभळ्या पेनाची जागा रिकामी राहू नये म्हणून तिनं स्वतःच्या मनानं सातवी ओळ घातली: चटईवर असलेल्याशी बोलू नये, चटईवर असलेल्यानंही बोलू नये.

ती ओळ खरं म्हणजे आईसाठी होती. दोघांपैकी कुणी आडवं झालं की आई दर मिनिटाला यायची. किती दुखतंय? आता किती? आणि आता? हात ओला, पदराला पुसत, तोंडावर तोंड आणून. तिच्या विचारण्यानं दुखणं वाढायचं, खरंच वाढायचं. कागद चिकटवला तेव्हा आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, म्हणजे माझ्याच घरात मला बोलायची चोरी. पण तिनं नियम पाळला. शेजारणींना सांगायची, मी दोन पुतळे पाळलेत, खाऊ घाला, पाणी घाला, बोलत तेवढे नाहीत. मुलं हसायची. हळूहळू नियम घराच्या हाडांत शिरला. पाहुणे आले तर त्यांनाही खूण करून गप्प केलं जायचं. एकदा चटईवर असताना ढब्बूच्या पायावरून पाल गेली, तो हलला नाही, त्याचं कौतुक वर्षभर चाललं. मोठा झाल्यावर सांगू, हे राहिलंच. तो मोठा झालेला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो काही बोललाच नाही.

आई मावशीकडे गेली आहे, मावशीचा गुडघा बदललाय. काकांनी कळवल्यावर आईचा फोन आला तेव्हा बाकावर बसून तिनं सांगितलं, दवाखान्यात आणलंय, बघतायत. आईनं एकच विचारलं, बोलतोय का? ती म्हणाली, झोपलाय. पलीकडे बसस्टँडचा गोंगाट होता, आईनं न सांगता पिशवी भरली होती. आई म्हणाली, तू बोल त्याच्याशी. तो झोपला असला तरी बोल. मग आवाज तुटला.

चौथं मिनिट. टाळता येत नाही. टेबलावर त्याचं कानाचं यंत्र पडलेलं होतं, दिवा हिरवा, चार्जिंगवर चालतं ते, त्याला विजेशी देणंघेणं नव्हतं. त्यातून कुणाचा तरी आवाज येत होता. मुंगीएवढा. हॅलो. हॅलो. ऐकताय ना? अहो, आहात का? पुरुषाचा, म्हाताऱ्याचा बहुधा. माणूस तक्रार सांगता सांगता थांबला होता आणि हाका मारत होता. ढब्बू कधी, कधीही, चालू फोन सोडून उठत नाही. ताप असताना उठलेला नाही. हे तिला ठाऊक होतं, तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिनं काय केलं, तर तो आवाज त्याला त्रास देईल म्हणून खुर्चीवरची उशी उचलली आणि त्या यंत्रावर ठेवली. हलक्या हातानं. दाबलीसुद्धा, कड नीट. आवाज बंद झाला. तिला बरं वाटलं.

सातवं, आठवं, नववं, चहा. ती दाराच्या चौकटीला टेकून प्यायली. गरम होता म्हणून फुंकून, फुंकही हळू. बशी कपाखाली ठेवताना किणकिणली तेव्हा तिनं जीभ चावली आणि त्याच्याकडे पाहिलं. नाही हलला. शाबास. दहाव्या मिनिटात तिनं दुकानातल्या त्या अर्ध्या डब्याचा विचार केला. पिवळ्याचा ओघळ आता वाळेल, वर साय धरेल, डबा वाया.

अकराव्या मिनिटात दिवे आले. त्याच्या डोक्यावरची नळी दोनदा फडफडली आणि लागली, आणि तिला एक रंग दिसला. करडा, त्यात निळ्याचे दोन थेंब, जांभळ्याचा अर्धा. हा रंग तिनं मागच्या आठवड्यात एका न्हाणीघरासाठी बनवला होता, चार लिटर, गिऱ्हाईक म्हणालं होतं, फार शांत वाटतं बघून. तिच्या मनानं आधी डब्याचा क्रमांक सांगितला. मग गिऱ्हाइकाचा चेहरा आला. मग, बऱ्याच वेळानं, म्हणजे कदाचित एका सेकंदानं, तिला कळलं की तो रंग ओठांचा आहे.

कप कुठं ठेवला ते तिला आठवत नाही. चपला कधी पायांत घातल्या तेही नाही, एक जिन्यात गेली असेल. तिनं त्याला हाक मारली की नाही तेही आठवत नाही, आणि हे सगळ्यात वाईट, कारण तिला दाट शंका आहे की मारली नाही. ती थेट जिन्याकडे धावली आणि काकांना ओरडली. काकांना. त्याला नाही. त्या क्षणीसुद्धा तो चटईवर होता.

दार परत हललं. या वेळी डॉक्टर टोपणाशिवाय होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, फासळ्यांच्या मागं खालच्या बाजूला दोन्हीकडे पांढरं साठलं होतं. म्हणाले, फुप्फुसात अडकलंय, त्याचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरावं लागेल, आता लगेच सुरू करतोय, सही करा. तिनं सही केली. मग ते वळले आणि तिच्या तोंडून निघालं, अकरा मिनिटं. ते थांबले. ती म्हणाली, मी लगेच नाही आणलं, मी अकरा मिनिटं घरात होते, मला वाटलं तो योगासन करतोय, मी चहा प्यायले. एवढं बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा माणूस मला काहीतरी म्हणेल आणि ते मला आयुष्यभर पुरेल. डॉक्टरांनी डोळे चोळले. ते म्हणाले, हे अकरा मिनिटांचं नाही, बाई. हे दोन दिवसांचं आहे. दोन दिवस याला ताप असणार, छातीत सुरीसारखं दुखत असणार, श्वास घेताना. घरात कुणाला बोलला नाही?

ती म्हणाली, आमच्याकडे बोलत नाहीत.

म्हणजे, त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, सुई लावताना हूं की चूं नाही. सिस्टर म्हणाली किती गुणी पेशंट. मला शांत पेशंटची भीती वाटते. आणि गेले.

दोन दिवस. परवा जेवताना तो ताट घेऊन उभाच होता, तिनं विचारलं बसत का नाहीस, तर म्हणाला, उभं बरं वाटतं. काल त्यानं तीनदा चटई घातली आणि तिनं दुकानात प्रायमरला सांगितलं होतं, माझा भाऊ शहाणा आहे, स्वतःचं स्वतः बघतो. काल संध्याकाळी तो हसला नाही. तिनं विनोद केला होता, चांगला होता विनोद, आणि तो हसला नाही, नुसते डोळे बारीक केले. हसायला श्वास लागतो. तिनं विनोद परत सांगितला होता, त्याला कळला नसेल म्हणून.

आई आली ती सरळ आत गेली, दारावरच्या माणसाला बाजूला सारून. काचेतून दिसत होतं, नळ्यांमधून एकीकडे काळपट रक्त जातंय, दुसरीकडून लाल येतंय, आणि आई त्याच्या कपाळापाशी वाकून अखंड बोलतेय. काय बोलत होती ऐकू येत नव्हतं. सिस्टरनं हात लावून तिला मागं घेतलं तेव्हा आईनं मान वळवली आणि काचेतून मुलीकडे पाहिलं. रागानं नाही. नियम मोडल्यावर लहान मूल बघतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी तिला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. आई तोंड धुवायला गेली होती. खिडकी मोठी, ऊन स्वच्छ, खोटं बोलायला जागा नव्हती. त्याचे ओठ फिकट होते, पण ओठांच्या रंगाचे होते. तोंडावर हवेची वाटी, वाटीत श्वासाचं धुकं येत जात होतं. तो जागा होता. तिनं चटई कॉटखाली ठेवली. ती म्हणाली, जेवलास का. त्यानं वाटीमागून डोळे बारीक केले, म्हणजे हसला. मग वाटी थोडी बाजूला केली.

“काल लवकर आलीस तू,” तो म्हणाला.

ती म्हणाली, वीज गेली होती.

“हं. पडदा ओढलास. चहा केलास.” थांबून श्वास घेतला. “आल्याचा.”

डॉक्टर म्हणाले होते तो शुद्धीत नसणार. तिनं रात्रभर तेवढं एक धरून ठेवलं होतं, की त्याला काही कळलं नाही.

“तुला कळत होतं?”

“सगळं. बशी वाजली.”

“मग हाक का नाही मारलीस? ढब्बू, खूण तरी करायचीस. हात हलवायचा.”

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की हिला झालंय काय. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तोच तो संथ आवाज, तीन शाबासक्यांचा.

“चटईवर होतो ना,” तो म्हणाला.

मी कॉटची दांडी धरली. ती नाही, मी. लोखंड गार होतं आणि माझ्या हाताला गार लागलं, आणि ते बाजूला बसून बघायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

तो पुढं बोलत होता. वाटी लावायचा, काढायचा. म्हणाला, अंग जड झालं होतं, पाय आहेत की नाहीत कळत नव्हतं, पण तो एक माणूस लाईनवर होता. म्हातारा. यंत्रातून पाणी गळतंय म्हणत होता. “मी कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, म्हटलं दोन मिनिटं आडवं होऊ.” वाटी. “तो हॅलो हॅलो करत होता. मी तो आवाज धरून ठेवला होता, ताई. श्वास मोजायला जमेना, म्हणून त्याचे हॅलो मोजत होतो. मग तो एकदम गेला.” वाटी. धुकं. “मला वाटलं, मीच गेलो.”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, एक चाक कुरकुरत होतं.

मी म्हणाले, “मी त्याच्यावर उशी ठेवली.”

त्यानं ऐकलं. छताकडे पाहिलं. “अच्छा,” तो म्हणाला. मग, “मला वाटलं त्यानं ठेवला फोन.” आणि मला सावरून घ्यायला, मलाच, म्हणाला, “असू दे. आवाज बारीक होता.”

तेवढ्या बोलण्यानं त्याला कळ आली. मी बघितलं ती कशी आली: आधी पायाचा अंगठा आत वळला, मग गळ्याजवळची शीर, आणि मग चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं, हात मारून पाटी पुसावी तसं. पापण्या मिटल्या. तळवे वर झाले, बोटं सैल. श्वास लांब करायला लागला. इतका सुंदर करत होता. कुणीही दारातून बघितलं असतं तर म्हटलं असतं, झोपलाय, आणि पाय न वाजवता निघून गेलं असतं.

“किती दुखतंय?” मी म्हणाले.

त्यानं भुवई उचलली. डोळे मिटलेलेच.

“ढब्बू. किती दुखतंय?”

“ताई,” त्यानं वाटीतून ओठ हलवले, “थांब ना जरा.”

“नाही थांबणार. किती दुखतंय? कुठं दुखतंय? आता किती?” माझा आवाज आईसारखा येत होता, तोंडावर तोंड आणलं होतं मी, माझे हात ओले होते, ते कशाला पुसत होते मला ठाऊक नाही. बाईंची एक ओळ आहे, मी म्हणत होते, जांभळ्या पेनाची, मी ती लिहिलीच नाही, छातीत दुखलं तर चटई सोडायची, माणूस बोलवायचा, ऐकतोयस ना, आहेस का, हॅलो, आणि आता किती, आणि आता?

त्यानं डोळे उघडले. ते भरले होते. एकवीस वर्षांचा आहे, आणि मी त्याचे डोळे भरलेले कधी बघितले ते मला आठवेना.

“खूप,” तो म्हणाला.

मी उशाशी लोंबणारी घंटी दाबली, आणि कुणीतरी येईपर्यंत सोडली नाही.